बिनखिळ्याचं घर

आलापल्लीला माझ्या क्वार्टरशेजारी राहणाऱ्या म्हातारीच्या घरात एकही खिळा नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी, धानाला भावच उरला नव्हता त्या मंदीत, तिच्या बापानं ते बांधलं होतं. सगळे बांबू पळसाच्या मुळ्यांच्या दोरीनं आवळून. त्या दिवसांना ती ‘सस्ताई’ म्हणे. दर उन्हाळ्यात सत्तरीतली ही बाई शिडीवर चढायची, एकेक गाठ चाचपायची आणि सैल गाठीला शिवी हासडून नवी दोरी बांधायची.

एकदा मी तिला कॅलेंडर दिलं आणि ते लावायला भिंतीत खिळा ठोकू लागलो. तिनं माझं मनगटच धरलं.

“सस्ताईत बापानं कोनाले खिळा मांगला नाई, गुरुजी. मी काऊन घेऊ?”

खिळा तिनं कोनाड्यात टाकला आणि कॅलेंडर दोरीनं वाशाला बांधलं. मला तो निव्वळ हेकटपणा वाटला.

पुढच्या वैशाखात भर दुपारी वादळ आलं. माझ्या क्वार्टरचे पत्रे खिळ्यांसकट उडाले. आम्ही नवरा-बायको धावत तिच्या घरात शिरलो. बांबू करकरत होते, पण एक गाठ सुटली नाही.

वारा पडल्यावर तिनं कोनाड्यातला खिळा काढून माझ्या हातावर ठेवला.

“घ्या जी. तुमच्या घराले लागल.”