सैतानासाठी लावलेला आवाज

तरुणपणी मी बालनाट्यांत राक्षस करायचो. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत मुलं जेवत नसली की अजूनही दोन-तीन आज्या माझ्याकडे बोट दाखवतात. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी ऑडिओबुकं वाचायचं काम धरलं आणि वर्षभरात स्वारगेटजवळच्या एका छोट्या स्टुडिओतून फोन आला, "सर, एक कादंबरी आहे. सगळी गोष्ट सैतान सांगतोय." हे काम माझ्याशिवाय आणखी कुणाला देणार, असंच मला वाटलं.

स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची मागची खोली. भिंतींना जाड फोम लावलेला, तरी एसटीचा हॉर्न आत यायचाच. तो आला की थांबायचं आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. काचेपलीकडे बसायची ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी होती, अमरावतीकडची. शिकायला पुण्यात आली आणि इथेच राहिली. ध्वनिमुद्रण तीच करायची, आणि कसं वाचायचं हेही तीच सांगायची.

कादंबरी मी आधी घरी वाचून काढली. हसून हसून पुरेवाट झाली, आणि हसू ओसरलं की जरा गार वाटायचं. या सैतानाला माणसं मनापासून आवडतात. लग्नात मुलगी निघाली की याचे डोळे भरून येतात. एका सोसायटीतल्या लोकांना एक म्हातारा नकोसा झालेला असतो, तर हा त्यांना म्हणतो, अहो, काळजी घ्या त्याची. मग सगळे त्याची काळजी घ्यायला लागतात. दिवसातून सहा वेळा बेल वाजवून बरं आहे ना विचारतात, तीन घरचे डबे येतात, चार डॉक्टर तपासून जातात. महिन्याभरात म्हातारा आटोपतो. शोकसभेत सैतान शेवटच्या रांगेत बसून खरोखर रडतो.

पहिल्या दिवशी मी माझा राक्षस लावला. पोटातून, घुमवून. दोन पानं झाली आणि काचेवर टकटक झाली.

"सर, तुम्ही घाबरवून राहिले."

"सैतान आहे तो."

"हो, पण त्याला कोणाला घाबरवायचंच नाहीये ना. त्याला माणसं आवडतात. तुम्ही कोणाला समजावून सांगताना कसे बोलता? अगदी जवळच्या माणसाला?"

मी डोळे मिटले. पाण्याचा घोट घेतला. आणि जो आवाज निघाला तो मला नवा नव्हता, पण कुठला तेही कळेना. खालच्या पट्टीतला, बिनघाईचा. वाक्य संपताना किंचित थांबणारा, समोरच्यानं होकार द्यावा म्हणून जागा सोडल्यासारखा. काचेपलीकडच्या मुलीनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"हाच, सर. हा सोडू नका."

तीन आठवडे मी तो सोडला नाही. आवाज आला कुठून, याचं उत्तरही मी शोधून काढलं. आमच्या लहानपणी गल्लीत एक डॉक्टर होते, ते असं बोलायचे, असं मी ठरवून टाकलं आणि सगळ्यांना सांगत सुटलो. बायकोला ऐकवलं तर ती म्हणाली, "डॉक्टर असे बोलायचे? अहो, लग्नानंतर मला ताप आला होता तेव्हा ते माझ्यावर खेकसले होते." मी म्हटलं, तू त्यांना म्हातारपणी पाहिलंस.

पुस्तक ॲपवर आलं. सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "सैतान उत्तम. मीटिंगमध्येही असंच हळू बोलत चला." मी त्याचाही आनंद मानला. धाकट्या बहिणीलाही लिंक पाठवली होती. ती हिंजवडीला राहते, एका कंपनीत जर्मन कागदपत्रांचं भाषांतर करते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा कॉलेजात. कंपनीच्या बसमध्ये तिचा रोज तासभर जातो, तेव्हा ती काही ना काही ऐकत असते. पण दोन आठवडे तिचं काहीच आलं नाही.

मग एका रविवारी अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. मी भाजी निवडत होतो.

"दादा, ऐकलं."

"मग? कसं वाटलं?"

"सातवं प्रकरण बसमध्ये ऐकत होते. मध्येच उतरले."

"बरं नव्हतं का?"

"तो आवाज कुठून आणलास?"

मी डॉक्टरांचं सांगायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हा डॉक्टरांचा आवाज नाहीये. हा तुझाच आहे. त्या दिवशी कालव्यावर तू माझ्याशी याच आवाजात बोलला होतास."

मेथीची जुडी माझ्या हातात होती. ती मी कधी खाली ठेवली ते आठवत नाही. कोणता दिवस, असंही मी विचारलं नाही. म्हणजे मला कळलं होतं.

सातव्या प्रकरणात सैतान एका बाईशेजारी बसतो. तिला परगावी नवी नोकरी मिळालेली असते, बॅग भरून तयार असते. तो तिला जाऊ नको म्हणत नाही. घरातल्या एकेकाची विचारपूस तेवढी करतो. आईचे गुडघे कसे आहेत, भावाची परीक्षा कधी, कुंडीतल्या मोगऱ्याला पाणी कोण घालणार. विचारपूस संपेपर्यंत बाईनं साड्या काढून पुन्हा कपाटात लावलेल्या असतात. पुस्तकातलं सगळ्यात विनोदी प्रकरण ते. ते वाचताना ती अमरावतीची मुलगी इतकी हसली होती की आम्हाला दोनदा थांबावं लागलं होतं.

आता मला जे घडलं ते सांगायला हवं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली असतील. माझा एक मित्र होता. कॅम्पात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आजोबांच्या वेळेपासून. आम्ही रोज सकाळी बॅडमिंटन खेळायचो. तो आमच्याकडे यायचा, माझी आई त्याला घड्याळाला किल्ली द्यायला लावायची आणि पोहे खाऊ घालायची. तो मुसलमान होता याबद्दल घरात कधी एक शब्दही कुणी बोललं नव्हतं, कारण बोलायची वेळच आली नव्हती. मग एक दिवस बहीण मला म्हणाली, दादा, आम्हाला लग्न करायचंय. आई-बाबांना तू सांगशील का?

ती माझ्याकडे मदत मागायला आली होती. आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्यानं चालत गेलो आणि एका बाकावर बसलो. पुढचं मला इतकी वर्षं असं आठवत होतं की मी तिला म्हणालो, मी तुमच्या बाजूनं आहे. आणि मग तिनंच विचार करून ते सोडून दिलं. बायकोला मी हे असंच सांगितलं होतं. दोन-चार जणांत विषय निघाला की, मी तेव्हा तिच्या पाठीशी उभा राहिलो होतो, असं सांगायचोसुद्धा.

त्याच दुपारी मी हिंजवडीला गेलो. मेहुणे आणि भाचा बाहेर गेले होते. तिनं चहा टाकला, आणि गॅसकडे तोंड करूनच बोलायला लागली.

"तू म्हणालास, मी तुमच्या बाजूनं आहे. निर्णय तुझाच. मी फक्त विचारतोय."

"हो."

"मग विचारलंस, आईची साखर आत्ता कितीये. मग म्हणालास, बाबा वर्षभर बोलणार नाहीत, पण तुला सवय होईल. मग म्हणालास, त्याची अम्मी एकटी आहे, तिला किती जड जाईल. त्यानं तुझ्यासाठी काय काय सोडावं असं तुला वाटतं? प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतास. मी हो म्हणेपर्यंत."

तिनं गॅस बंद केला.

"शेवटी मी म्हणाले, राहू दे दादा. तर तू म्हणालास, घाई नको, नीट विचार कर. आणि येताना मला भाजलेलं कणीस घेऊन दिलंस."

कणीस तेवढं मला लख्ख आठवलं. लिंबू जास्त पिळ, असं मी त्या कणीसवाल्याला सांगितलं होतं.

"तुला नकोच होतं का ते लग्न?" तिनं विचारलं. चिडून नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "बाबांना सांगायची भीती वाटत होती. मला."

"एवढंच?"

"एवढंच असावं."

ती खुर्चीवर बसली. "मी सुखी आहे, दादा. नवरा चांगला आहे माझा. त्याचा इथे काही संबंध नाही." मग कप माझ्यापुढे सरकवत, "तू ओरडला असतास ना, तर मी पळून जाऊन लग्न केलं असतं."

निघताना दारात तिनं आणखी एक सांगितलं. कालव्यानंतर दोन दिवसांनी मी माझ्या त्या मित्राकडेही गेलो होतो, हे तिला ठाऊक होतं. मागे एकदा लक्ष्मी रोडवर त्या दोघांची गाठ पडली तेव्हा त्यानंच तिला सांगितलं होतं. मी मात्र ते पार विसरून गेलो होतो. परतीच्या बसमध्ये हळूहळू आठवलं. तिला त्रास होईल असं तू काही करणार नाहीस, मला खात्री आहे, असं मी त्याला म्हणालो होतो. मैत्री तुटली असं कधी झालं नाही. बॅडमिंटन तेवढं बंद पडलं, आणि मी समजत होतो की माझ्या खांद्यामुळे.

चार दिवस मी स्वतःशी बोललोसुद्धा नाही, आवाज ऐकायला नको म्हणून. पाचव्या दिवशी कॅम्पात गेलो. दुकान तिथेच आहे. तो काउंटरमागे डोळ्याला भिंग लावून बसला होता. केस सगळे पांढरे झालेत. मला पाहून भिंग न काढताच म्हणाला, "बस. सेल बदलायचाय की दुसरं काही?"

"दुसरं."

मी ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते. सुरुवात केली, "त्या वेळी मी तुला जे म्हणालो..." आणि तोच आवाज निघाला. खालचा, मऊ, वाक्याच्या शेवटी जागा सोडणारा. माझा मलाच ऐकू आला. तोंडातून झुरळ निघावं तसा मी दचकलो आणि गप्प झालो.

त्यानं भिंग काढलं. "बोल ना."

"नाही जमत."

त्यानं समोरचं उघडं घड्याळ रुमालानं झाकून ठेवलं. "तुला एक सांगू? तू त्या दिवशी घरी आलास ना, तेव्हा मी अम्मीला सांगितलं होतं, तिचा मोठा भाऊ आलाय. म्हणजे होकारच घेऊन आला असणार. अम्मीनं तुझ्यासाठी शेवया केल्या होत्या."

मला शेवया आठवत नव्हत्या. बाहेरची खोली, खिडकी, हिरवी चादर, हे सगळं आठवत होतं. शेवया नाहीत.

"मी खाल्ल्या होत्या?"

"दोन वाट्या," तो म्हणाला. "आधी खाल्ल्यास, मग बोललास."

एक बाई मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. त्यानं त्यांना पट्टे दाखवले. मी स्टुलावर बसून राहिलो. त्या गेल्यावर त्यानं विचारलं, ती बरी आहे ना. मी म्हटलं, बरी आहे. अम्मीला जाऊन बरीच वर्षं झाली असं त्यानं सांगितलं. निघताना मी हात जोडले, ते त्याला विचित्र वाटलं असणार. त्यानं हात हातात घेतला आणि सोडून दिला.

बहिणीला मी शेवयांचं फोनवर सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. तिनं फोन ठेवला आणि आठ दिवस उचलला नाही. नवव्या दिवशी तिनंच केला, मुलाच्या कॉलेजबद्दल काही विचारायला. आता आमचं बोलणं होतं पूर्वीसारखं. फक्त मी तिच्याशी फार भरभर आणि मोठ्यानं बोलतो, वाक्यं एकात एक घुसवत, आणि तिला ते कळतं. परवा म्हणाली, "दादा, ओरडतोस काय? बहिरी नाही मी."