दोन फ्रेमवर्कवाले गृहस्थ

धुळे-जळगाव एसटीत माझ्या शेजारी चाळिशीतले एक गृहस्थ बसले होते. नाव मी विचारलं नाही. हुद्दा त्यांनी स्वतःच दोनदा सांगितला. केळीसाठी ट्रक मागवायची वेबसाइट त्यांनी बनवली होती, तीही दोन फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभी करायचे तयार सांगाडे, जोडून.

"एक मागणी घेतं, दुसरं पान दाखवतं," चष्मा वर सारत ते म्हणाले.

पुढच्या सीटवरचे फैजपूरचे आबा मागे वळले. त्यांची केळी कापणीला आली होती आणि ट्रक मिळत नव्हता. गृहस्थांनी उत्साहाने आबांच्याच मोबाइलवरून मागणी टाकली. पान कोरंच राहिलं. एरंडोल येईपर्यंत त्यांनी ती सहा वेळा टाकली.

"मंग गाडी येईन का नाही, तेवढं सांगा साहेब," आबा म्हणाले.

"पहिलं फ्रेमवर्क उत्तम चालतंय, आबा. दुसऱ्याचं जरा बघावं लागेल."

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. ट्रकवाला विचारत होता, सहा गाड्या भरतील एवढी केळी खरंच आहेत का? आबांनी घाईघाईने पाच गाड्या नको म्हणून सांगितलं.

गृहस्थ अभिमानाने माझ्याकडे वळले. "बघा, मागणी पोचते."

जळगावला उतरण्याआधी आबांनी फोनवर आलेला ट्रकवाल्याचा नंबर माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. वेबसाइटचं नाव त्यांनी विचारलं नाही.