उमाबाईनं न दिलेला राजीनामा

मासिक सभेत ग्रामसेवकानं सरपंचबाईंचा राजीनामा वाचून दाखवला, तेव्हा सरपंचबाई समोरच बसल्या होत्या. तब्येतीपायी आपण पद सोडतोय, हे उमाबाईला तिथंच कळलं.

"मी कवा दिला?"

ग्रामसेवकानं कागद तिच्याकडं फिरवला. लेटरहेड पंचायतीचं, खाली सही तिची. साक्षीदार दोन. एक उपसरपंच. दुसरा शेषेराव, तिचा नवरा.

सही खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून उमाबाई उभी राहिली, निवडून आली, आणि दोन वर्षं कारभार शेषेरावानं हाकला. सकाळी ती भाकरी थापत असायची तेव्हा तो कोऱ्या लेटरहेडांची चळत चुलीपाशी आणून ठेवायचा. 'टाकीचं हाय', 'घरकुलाचं हाय'. ती पिठाचा हात पदराला पुसायची आणि तळाशी सह्या ओढत जायची. शेजारगावच्या सरपंचबायाही असंच करायच्या.

वाकडं आलं ते शाळेच्या मैदानावरून. उपसरपंचाला तिथं दुकानं काढायची होती. उमाबाई सभेत पहिल्यांदाच बोलली, "पोरींनी खेळायचं कुठं मग? ह्याच्यावर माझी सही न्हाई." शेषेराव घरी येऊन चकार शब्द बोलला नाही. नवरा समजूतदार निघाला म्हणून ती बापडी हरखली. जुन्या चळतीतला एक कागद त्यानं तेव्हाच बाजूला काढला होता.

हरकत घ्यायला सात दिवस होते. पाचव्या दिवशी ती एकटी नांदेडला गेली. महामाया नावाची तरणी वकील होती, तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सह्या कुणी घेतल्या, मावशी?"

"घरातल्यांनी."

"घरात मांजर पण असतं. कुणी?"

"पोरीच्या बापानं."

"नाव?"

बावीस वर्षांत उमाबाईनं ते नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं.

"आज न्हाई तर न्हाई," महामाया म्हणाली. "पण कलेक्टर साहेबासमोर तुमच्याच तोंडून यावं लागंल. कोऱ्या कागदावर सही घेणारा कोण, ह्याच्यावरच सगळी केस हाय."

हरकत दाखल झाली. शेषेरावानं दोन दिवसांनी जेवताना विषय काढला. "नांदेडला दरखास्त दिलीस म्हणं. लढ की. पण तिथं माझं नाव निघालं, तर ह्या घराची पायरी इसर. सरपंचकी पाच सालाची, उमे. नवरा जल्माचा."

ती वाढत राहिली.

सुनावणीला शेषेराव इस्त्रीचा सदरा घालून आला. "बाईच म्हणली, झेपंना म्हणून," असं त्यानं शांतपणे सांगितलं. साहेबांनी उमाबाईकडं पाहिलं.

"सही तुमचीच?"

"हाव."

"मग कोऱ्या कागदावर ती कोणी घेतली?"

पंखा गरगरत होता. महामाया वळून बघत होती. नाव घेतलं तर घर गेलं, न घेतलं तर पद गेलं.

"शेषेराव," ती म्हणाली. मग आडनावासकट पुन्हा म्हणाली, कारकुनाला नीट लिहिता यावं म्हणून.

निकाल पंधरा दिवसांनी, एवढं सांगून साहेबांनी फाईल मिटली. तोवर कारभार उपसरपंचाकडं. व्हरांड्यात शेषेराव तिच्याजवळ आला. "मिळालं समाधान?" एवढंच म्हणाला, आणि उपसरपंचाच्या जीपमध्ये जाऊन बसला. जीप गेली.

"मी भोकरला भावाकडं जाते," उमाबाई म्हणाली. "निकालापातूर."

महामाया हळूच म्हणाली, "मावशी, गाव सोडू नका. तुम्ही गेल्या की ते लिहून देतील, बाई आपखुशीनं पद सोडून माहेरी गेली. आपल्या हातात मग काहीच उरत न्हाई."

"पण मला घरात घेणार न्हाईत."

"ठाऊक हाय मला."

"जिंकू का आपण?"

"सांगता येत न्हाई."

स्टँडवर भोकरची गाडी लागलेली होती. उमाबाईनं ती जाऊ दिली. गावावरून जाणारी हिमायतनगरची आली, तीत चढली. गावात उतरल्यावर कुठल्या दारात उभं राहायचं, हे तिला सुचत नव्हतं. पाठ टेकायला पंचायतीची कचेरी होती, पण आता तिथली किल्लीही उपसरपंचाकडं होती. बाहेरच्या ओट्याला तरी कुलूप नसतं, असं मनाशी म्हणत ती खिडकीपाशी बसली.