भोंगा वाजला आणि पोरं झोपलेलीच

माझ्या पाळणाघरात आगीचा भोंगा बसवायला आलेले काका सत्तावीस वर्षं हेच काम करत होते. काम चोख, जीभ तिरसट. पोरं झोपलेल्या घरात मात्र ते बटण दाबत नसत. आयांच्या शिव्या कोण खाणार! त्या दुपारी त्यांना घाई होती.

"कान झाका," शिडीवरून म्हणाले.

"अहो, पोरं तासभर थोपटून झोपवलीत! उठली तर तुम्हीच सांभाळा," मी वैतागले.

त्यांनी बटण दाबलं. असा कर्कश आवाज फुटला की माझ्या हातातली दुधाची बाटली खाली पडली. समोरचा दुकानदार रस्ता ओलांडून धावत आला. आता रडारड होणार म्हणून मी जीव मुठीत धरून उभी.

कोणी रडलं नाही. अकरा पोरं, अकराही ढाराढूर. एकीने कूस बदलली, एवढंच.

काकांनी पुन्हा दाबलं. मग खाली उतरून गाद्यांमधून फिरले, एकेकाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होते.

"यंत्र बिघडलंय का?" मी विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे," ते म्हणाले.

गाढ झोपेत मुलांचा मेंदू आपल्यासारखा आवाजाने जागा होत नाही, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. जागी पोरं भोंगा ऐकला की कानांवर हात ठेवून पळतात. काकांनी इतकी वर्षं तेवढंच पाहिलं होतं.

ते पोरांच्या लहानशा खुर्चीत मटकन बसले. "मी घरोघरी सांगत आलो, बाई. भोंगा वाजला की पोरं आपणहून उठून येतील, तुम्ही आधी दार उघडा, बाहेर व्हा." मला त्यांची कीव आली आणि संतापही आला.

त्यांनी लेकीला स्पीकरवर फोन लावला; तिचीही मुलगी लहान होती.

"घरातला भोंगा वाजला तर काय करशील?"

"दार उघडेन, पिल्लूला हाक मारेन. तुम्हीच पढवलंय ना, बाबा?"

"दार राहू दे. आधी तिला उचल."

"पण ती उठेलच की!"

"नाही उठणार गं. मी चुकीचं शिकवलं."

मग लेक हळूच म्हणाली, "बाबा, आणि बाकीच्या घरांत?"

काका उठले. शिडी, पेटी सगळं माझ्याकडेच टाकून दाराकडे निघाले. पहिल्या घरापासून सुरुवात करतो, म्हणाले.