सतरंजीवरची जागा

मंत्र्याचा स्वीय सहायक म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि त्या वर्षांत मला एकच विद्या पक्की आली, संशय घेण्याची. कळंबच्या पंचायत समितीत मी कारकून होतो. साहेब तेव्हा नुसते जिल्हा परिषदेचे सदस्य होते. त्यांनी मला मागून घेतलं. ते आमदार झाले, मंत्री झाले आणि मी त्यांच्यामागं मुंबईला गेलो. आलेला माणूस ‘सहज आलो’ म्हणतोय म्हणजे त्याला नेमकं काय पाहिजे, हे त्यानं चपला काढायच्या आत मला कळावं लागायचं. सवय इतकी मुरली की मेव्हणा न सांगता घरी आला तरी मी विचारायचो, काम काय काढलंत? बायको वैतागायची. “आवो, भाऊ हाय माजा. भेटायला आलाय. निवेदन न्हाय आणलं त्यानं.”

शनिवार-रविवार साहेब जिल्ह्यात यायचे. निम्मा दौरा दुखवट्याचा असायचा. आमच्याकडं उद्घाटनाला न आलेला पुढारी लोक विसरतात, पण घरात माणूस गेल्यावर भेटायला न आलेला कधीच विसरत नाहीत. कुणाच्या घरी आधी जायचं, कुठं जरा जास्त वेळ टेकायचं, हे मी ठरवायचो. तिथं हार नाहीत, घोषणा नाहीत, फोटो नाहीत. अंगणात सतरंजी अंथरलेली असते आणि तिच्यावर एकमेकांचं तोंड न बघणारेही मांडीला मांडी लावून बसू शकतात. त्याला कुणी नाव ठेवत नाही.

निवडणूक जवळ आली तशी एक भानगड सुरू झाली. आम्ही पोचायच्या आधी साहेबांचे एक कट्टर विरोधक तिथं हजर असायचे. पहिल्यांदा येडशीला. आम्ही उतरलो तर हे महाशय अंगणात खाली मान घालून बसलेले. साहेबांना बघून ते सरकले, साहेब शेजारी बसले. दोघं हळू आवाजात बोलत राहिले. म्हातारी माणसं कौतुकानं म्हणाली, “बघा, दुःखात राजकारण न्हाय.” मी फाटकाशी उभा राहून जळत होतो. मग कळंबला एका आडत व्यापाऱ्याच्या घरी तेच. मग आणखी एका गावात तेच.

दौरा फुटत होता, यात शंका नव्हती. तो आधीपासून ठाऊक असायचा मला, ड्रायव्हरला आणि साहेबांना. मी ड्रायव्हरवर डोळा ठेवला. तो गाडीपासून लांब जाऊन फोनवर बोलायला लागला की मी मागं जायचो. एकदा सरळच विचारलं तर तो चिडला. “म्या कशाला सांगू कुणाला? तुमीच सांगत असताल.” आणि त्यानं माझ्याकडं अगदी तसंच बघितलं, जसं मी त्याच्याकडं बघत होतो.

त्याला एकट्यालाच तसं वाटत नव्हतं. विश्रामगृहात मी आत गेलो की कार्यकर्त्यांचं बोलणं थांबायला लागलं. येडशीकडचे एक जुने कार्यकर्ते होते. मी त्यांना काका म्हणायचो. साहेबांच्या पहिल्या निवडणुकीत आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवर गावं पालथी घालत होतो. तेच एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, “पीएसाहेब, तुमच्या पोराची बदली लईच लवकर झाली म्हणं. कुणी केली? आपल्या साहेबांनी तर न्हाय केली.” सगळे हसले. माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. बदली नियमानं झाली होती, पण हे कुणाला पटवणार?

मी साहेबांना म्हणालो, “लोक माझ्यावर बोट दाखवतायत.” ते म्हणाले, “मनावर घेऊ नका.” तुमच्यावर माझा विश्वास आहे, असं मात्र ते म्हणाले नाहीत. ते न म्हटलेलं वाक्य मी कितीतरी दिवस चघळत होतो.

शेवटी मी एक शक्कल लढवली. माकणीला एका कार्यकर्त्याची आई गेली होती. ते गाव मी दौऱ्यात घेतलंच नाही. गाडी निघाली की गावात फोन करून कळवायची माझी पद्धत होती, तीही मोडली. रविवारी सकाळी विश्रामगृहात साहेब एकटे चहा घेत होते, तेव्हा म्हणालो, “आज आधी माकणीला जाऊ.” ते “बरं” म्हणून अंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. ड्रायव्हरला मी फक्त लोहाऱ्याचा रस्ता धरायला सांगितलं. गावाचं नाव त्याला फाट्यावर कळलं.

माकणीत शिरलो तर लिंबाच्या झाडाखाली विरोधकांची गाडी उभी.

मी ड्रायव्हरकडं बघितलं. तो डोळे फाडून माझ्याकडं बघत होता. साहेब तोवर चपला काढून अंगणात गेले होते. विरोधक सरकले आणि साहेब खाली न बघता त्यांच्या शेजारी बसले. ते जरासुद्धा दचकले नाहीत. तेव्हा मला कळलं. हे दोघं एखाद्या हॉटेलात भेटले असते तर दुपारच्या आत जिल्हाभर बोंब झाली असती. इथं ते गावासमोर बसून आपलं जमवत होते आणि गाव त्यांच्या मोठेपणाला माना डोलवत होतं.

परत येताना ड्रायव्हर पंक्चर बघायला उतरला तेव्हा मी विचारलं, “साहेब, मला का नाही सांगितलं?”

“कुणाचा तरी संशय यायलाच पायजे होता,” ते शांतपणे म्हणाले. “तुमचा आला तर बरंच. तुमाला मी काढणार न्हाय, एवढं तुमाला ठावं होतं की.”

मला संताप आला. इतका की दार उघडून चालायला लागावं. मी उतरलो नाही. एवढंच मागितलं, की वेळ आली की कार्यकर्त्यांना एका वाक्यात सांगा, फोडणारा मी नव्हतो. ते हो म्हणाले.

पुढं साहेबांनी पक्ष सोडला आणि दोघं एका पक्षात आले, एका मंचावर बसले. मी साहेबांना आठवण करून दिली. “आता कशाला उकरायचं?” म्हणाले. काही लोकांनी उलट माझं अभिनंदन केलं, जुळवून आणलंत म्हणून. काका मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. जुना पक्ष त्यांनी सोडला नव्हता.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. साहेब आले, त्यांचे ते विरोधकही आले, दोघं एकाच गाडीतून. ते निघून गेल्यावर बायकोनं विचारलं, “येडशीचे काका आले न्हाईत?”

“येतील,” मी म्हणालो.

काकांच्या वडिलांच्या मातीला मी रात्रीच्या गाडीनं मुंबईहून आलो होतो. तेरावा होईपर्यंत आमच्या अंगणात सतरंजी होती. काका आले नाहीत.