रस्त्याचा पडदा

चिंतामण पेंटर राजवाडे असे रंगवायचा, की अमरावतीचे लोक नटाला सोडून पडद्यालाच टाळ्या देत. पण प्लेग येऊन गेल्यावर नाटक कंपनीच्या पंजाबरावांनी त्याच्याकडे रस्त्याचा पडदा मागितला, आणि या गृहस्थाने रंगवायला घेतली ती अंबा दरवाजाच्या आतली स्वतःची गल्ली.

त्याच गल्लीत प्लेगचे उंदीर मरून पडले तेव्हा लोक घरांना कुलपं घालून शेतातल्या झोपड्यांत पळाले होते. चिंतामणची लहानगी मुलगी विमल त्या झोपडीतच प्लेगने दगावली. साथ सरली, शेजारी परतले, पण बायको अनसूया परतेना. त्या गल्लीत पाऊल टाकणार नाही म्हणाली. चिंतामणला घरी जायचं होतं, आणि तिच्याशिवाय जायचं नव्हतं.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनात त्याने जमिनीवर कापड अंथरलं. सरसाच्या गोंदात कालवलेला राखाडी रंग, तो वाळला की मातकट, त्यावर धुरकट निळा, असे हातावर हात देत गेला. हे काय सुतक रंगवलं, म्हणून पंजाबराव वैतागले. त्यांचं काही खोटं नव्हतं.

एका दुपारी अनसूया भाकर घेऊन आली आणि कापडाच्या काठाशी थबकली. मग लुगडं जरा उचलून अनवाणी त्या रंगवलेल्या गल्लीत शिरली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच घराकडे चालली होती. आपल्या दाराशी ती खाली बसली आणि तिने कुलपावर बोट ठेवलं.

"हे कावून लावलं?"

"होतं तसंच काढलं. आपणच लावून गेलो होतो ना," तो म्हणाला.

"पोरगी घरी आली असन तं? बाहेरच उभी राह्यली असन थे."

एवढं बोलून ती उठली, भाकर ठेवली आणि शेताकडे निघून गेली.

चिंतामणने घाईने कुलपावर राखाडी हात दिला. ओलं होतं तोवर कुलूप दिसेना. वाळल्यावर खालचा काळा पुन्हा वर आला. ओल्या हाताने खालचा रंग विरघळून वर येतो, ही सरसाच्या रंगाची खोड त्याला काय ठाऊक नव्हती? तरी वेड्यासारखा तो हात देतच राहिला. शेवटी ब्रश टाकून गल्लीत गेला आणि खऱ्या दाराचं कुलूप काढून विहिरीत फेकून आला.

अनसूया आली नाहीच. दोघं शेतातच म्हातारी झाली. गल्लीतल्या घरात शेळ्या शिरत, पावसाचं पाणी शिरे, लोक हसत. चिंतामणने ते दार पुन्हा कधी लावलं नाही.