दोन लेकरं आणि दोन हत्ती

मला दोन लेकरं आहेत. थोरलं चोवीस वर्षांचं, धाकटं एकोणीस.

आमच्या लोणारकडे लेकराला वय नसतं. त्याला दाढी येऊ द्या, नोकरी लागू द्या, स्वतःचं लग्न होऊ द्या, आईबापासाठी ते लेकरूच. हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत असावं, अशी माझी समजूत होती. ती कुठे आणि कशी दुरुस्त झाली, तेच सांगतो.

थोरली ऋतुजा, म्हणजे घरची छकुली, पुण्यात नोकरीला लागून तीन महिने झाले होते. धाकटा अनिकेत, म्हणजे बाबू, अकोल्याला शिकतो. सहा फूट उंच. दाढी अशी की आमच्या शाळेतली पोरं त्याला 'साहेब' म्हणतात. छकुलीनं फोन केला, "बाबा, सुट्टीत सगळे या. मोठ्या पार्कात जाऊ, पाळणे-बिळणे आहेत." मग आवाज जरा खाली आला. "त्या दिवशी आमचं ऑफिसही येऊन राह्यलं तिथी. मॅडम पण आहेत. तुमी जरा शुद्ध बोलजा हो."

मला! पाचवीला मराठी शिकवणाऱ्या मास्तरला! पण पोरीच्या आवाजात काळजी होती. नवी नोकरी, नवी माणसं, तिथं तिची मान खाली जायला नको, एवढं मलाही कळत होतं. मी शब्द दिला. मग लोणार ते पुणे बसमध्ये मी सराव केला आणि बायकोकडूनही करून घेतला.

"मले चहा पायजे," मंदा म्हणाली.

"मला चहा हवा आहे."

"मंग घ्या न तुमीच!" मंदा म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.

पार्कात शिरल्या शिरल्या पोरांनी सगळ्यांचे मोबाईल एका कपाटात बंद केले, कारण म्हणे पाण्याचे खेळ आहेत. मलाही एक गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी भाड्याने घेऊन दिली. त्या चड्डीत मी कोणत्याही विद्यार्थ्याला दिसू नये, एवढीच माझी प्रार्थना होती.

मग तो पाळणा आला. पाळणा कसला, आगगाडीच ती, पण उलटी जाणारी! त्यातून येणाऱ्या किंकाळ्या ऐकून माझी कंबर दुखायला लागली.

"बाबा, भेले का?" बाबूनं विचारलं.

"भ्यायचं काय त्यात? सामान कोण पाहीन?" (सामान म्हणजे एक पाण्याची बाटली.)

"मी चालली रे बाबू," म्हणत मंदा पदर खोचून पोरांबरोबर निघालीसुद्धा! जाताना छकुली बजावून गेली, "बाबा, या हत्तीपाशीच थांबजा. हालजा नका."

हत्ती सिमेंटचा होता. मी थांबलो. दहा मिनिटांनी मक्याच्या कणसाचा वास आला, म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो. कणीस घेतलं आणि परत हत्तीपाशी येऊन उभा राहिलो. (त्या पार्कात दोन हत्ती आहेत. अगदी जुळे. हे मला नंतर कळलं.)

कणीस संपलं, पण पोरं आली नाहीत. अर्धा तास झाला. समोर पाळणा नव्हता, पाण्याचा मोठा हौद होता. पाळणा कुठे गेला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला फक्त हौद दिसला आणि बाबूला पोहता येत नाही, हे आठवलं. मी पळतच चौकशीच्या खिडकीवर गेलो.

"ताई, माझी लेकरं हरवली!"

खिडकीतली मुलगी ताडकन उभी राहिली. "किती मुलं, सर?"

"दोन."

"नावं?"

आता अशा वेळी कोणाच्या तोंडात शाळेच्या दाखल्यावरचं नाव येतं का? "बाबू आणि छकुली."

"अंगावर काय आहे?"

"बाबूच्या अंगात पिवळा बनियन, खाली हाफ चड्डी." (त्याला हल्ली काहीतरी फॅशनचं नाव आहे. मला जे दिसलं ते मी सांगितलं.)

"पोहता येतं का?"

"नाही हो!"

"स्वतःहून कोणाला काही सांगू शकतील?"

"कसलं सांगतात! बाबूले तर आईनं वाढल्याशिवाय जेवता येत नाही. छकुली जरा बोललं की रडते." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

मुलीनं हातातलं पेन तसंच टाकलं. वय विचारायचं तिला सुचलं नाही आणि सांगायचं मला. तिनं माईक ओढला. "कृपया लक्ष द्या! बाबू आणि छकुली ही दोन लहान मुलं हरवली आहेत. बाबूनं पिवळा बनियन आणि चड्डी घातली आहे..."

पुढची पंधरा मिनिटं त्या पार्काची चावीच काढून घेतल्यासारखं झालं. बाहेर जायची फाटकं बंद झाली. हौदातली माणसं बाहेर काढली. एक सुरक्षारक्षक धावत आला, त्याच्या काखेत पिवळ्या बनियनमधला तीन वर्षांचा गृहस्थ!

"हाच ना बाबू?"

"नाही."

"नीट बघा!"

"अहो, आपलं पोरगं ओळखू येणार नाही का मले?"

तेवढ्यात त्या पोराची आई आली, आणि तिनं रक्षकाला सोडून मलाच धरलं! तिला आवरेपर्यंत दुसरा रक्षक आणखी एक पिवळं पोर घेऊन हजर. ते मला पाहूनच भोकाड पसरून रडायला लागलं. आता माझाही धीर सुटला. मी खिडकीत हात घातला, माईक घेतला, आणि माझं सगळं शुद्ध मराठी त्या हौदात बुडालं.

"अ बाबूऽऽ! अ छकुलेऽऽ! जिथी असान तिथीच थांबा! रडजा नका! तुमचा बाप येऊन राह्यला!" आणि मग सव्वीस वर्षांच्या सवयीनं, "एका ओळीत उभे राहा! गडबड करू नका!"

सगळ्या भोंग्यांमधून माझा आवाज घुमला. पार्कातले काही लोक खरंच ओळीत उभे राहिले, असं मंदा सांगते.

दोन मिनिटांत तिघं पळत आली. (आधी 'लहान मुलं' ऐकून त्यांना वाटलं, दुसरीच कोणी बाबू-छकुली असतील.)

"आली हो आली!" मी ओरडलो.

"कुठायत मुलं?" रक्षकानं खाली पाहिलं.

"हे काय."

रक्षकाची नजर गुडघ्यापासून वर वर चढत बाबूच्या दाढीवर जाऊन थांबली. "हा बाबू?"

"लेकरूच आहे न ते माहं!"

तेवढ्यात मला दिसलं, छकुलीच्या मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. गळ्यात ओळखपत्रांचे सारखे पट्टे, घामानं निथळलेली. तिचं ऑफिस! दोन लहान मुलं हरवली म्हणून ती बिचारी माणसंही हौदाभोवती शोधत फिरत होती. पुढे मॅडम. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि मी ती माईकवरून बुडवली होती. मी फुलाफुलांच्या चड्डीत शक्य तितका ताठ उभा राहून म्हणालो, "मी अत्यंत दिलगीर आहे."

पण छकुलीला कोणी दिसतच नव्हतं. "बाबा, कुठी गेल्ते हो तुमी? काऊन असं करता? आमी अर्ध्या तासापासून हत्तीपाशी! मले वाटलं चक्कर येऊन पडले कुठी! बीपीची गोळी तरी घेतली का?" आणि सगळ्या ऑफिससमोर, माझा हात घट्ट धरून, पोरगी रडायला लागली. मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं, की दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळावं ते कळेना.

मॅडमनं विचारलं, "छकुली, हे तुझे बाबा?"

"हाव," ती नाक पुसत म्हणाली. "माहेच हायत."

मॅडम हसल्या, मग सगळं ऑफिस हसलं, रक्षक हसला. फक्त खिडकीतली मुलगी हसली नाही. तिला रजिस्टर पूर्ण करायचं होतं.

"मुलं तर ठरलेल्या जागीच होती म्हणता. मग हरवलं कोण?"

तिघांनी माझ्याकडे बोट केलं. (मंदाचं नाव मी हरवलेल्यांत का सांगितलं नाही, हे ती अजून विचारते.)

रजिस्टरात रकाने छापलेले होते, त्यांत मोठ्या माणसाची सोय नव्हती. मुलाचे नाव, तिथे माझं नाव आलं. वय त्रेपन्न. ताब्यात घेणाऱ्या पालकाची सही, तिथे छकुलीनं सही केली. सापडलेल्या मुलाला तिथे एक फुगा देतात, नियमच आहे म्हणे.

मी निळा मागितला, पण लालच उरला होता.